फ्लॉरेन्स आज दिसतं तसं कधी झालं?

युरोपच्या टूरमध्ये फ्लॉरेन्सला सहसा एकच दिवस मिळतो, आणि पिसाचा मनोराही त्याच दिवशी उरकायचा असेल तर तोही पुरता नाही. स्वतः बेत आखून जाणारी जोडपी दोन-तीन रात्री राहतात. फिरण्याचा क्रम मात्र सगळ्यांचा ठरलेला : सकाळी कॅथीड्रल, मग उफिझी संग्रहालय, पॉन्ते व्हेक्यो या जुन्या पुलावर फोटो आणि संध्याकाळी पियाझ्झाले मिकेलान्जेलोच्या चढावर सूर्यास्त. हे सगळं रेनेसाँच्या काळातलं, असं गाईड सांगतो. त्यात अर्धंच तथ्य आहे. ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 साली पुरा झाला हे खरं. पण त्याच कॅथीड्रलचा पांढरा-हिरवा-गुलाबी दर्शनी भाग 1887चा, म्हणजे साधारण आपल्या व्हीटी स्टेशनच्या वयाचा. ज्या चौकातून सूर्यास्त बघायचा तोही एकोणिसाव्या शतकातला, आणि तिथला डेव्हिड ही मिकेलान्जेलोच्या पुतळ्याची ब्राँझमधली नक्कल.

संगमरवरी शिल्पं आणि चित्रं मात्र अस्सल आहेत. ती अजून शहरात आहेत याचं बरंचसं श्रेय एका बाईला जातं. फ्लॉरेन्सवर आणि भोवतालच्या टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा शेवटचा ड्यूक 1737 साली निपुत्रिक वारला आणि टस्कनीचं राज्य लॉरेनच्या फ्रान्सिसकडे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या नवऱ्याकडे गेलं. ड्यूकची बहीण आना मारिया लुइझा जर्मनीत दिलेली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती आणि तिलाही मूल नव्हतं. नव्या राजघराण्याशी तिने करार केला : चित्रं, पुतळे, ग्रंथ, रत्नं, जे काही घराण्याचं म्हणून होतं ते सगळं राज्याला मिळेल, पण त्यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर हलवायचं नाही. कारणंही करारात नोंदवली आहेत : राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी माणसांचं कुतूहल ओढून घेणं. पर्यटन हा शहराचा धंदा होईल हे कुणाच्या मनात नसताना तिने हे लिहून घेतलं. फ्रान्सिसचा कारभार चालायचा व्हिएन्नाहून. करार नसता तर संग्रहाचा केवढा भाग तिकडे गेला असता, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. 1769 साली उफिझी लोकांसाठी खुलं झालं. मुळात ती होती सरकारी कचेऱ्यांची इमारत.

उफिझीतून पॉन्ते व्हेक्योवरच्या दुकानांच्या माथ्यावरून पलीकडच्या पित्ती महालापर्यंत एक बंदिस्त वाट जाते. ती 1565 साली वास्तुरचनाकार व्हाझारीने काही महिन्यांत उभी केली, निमित्त मेदिची राजपुत्र फ्रान्चेस्कोच्या लग्नाचं. वधू ऑस्ट्रियाची योहाना. तिला परकं वाटू नये म्हणून पालाझ्झो व्हेक्यो या राजवाड्याच्या चौकात तिच्या माहेरच्या शहरांची चित्रंही भिंतींवर काढली. तरी संसार सुखाचा झाला नाही. फ्रान्चेस्कोचं मन बियांका कापेल्लो नावाच्या व्हेनिसच्या बाईवर होतं. योहाना 1578 साली वारली आणि त्याच वर्षी त्याने बियांकाशी लग्न केलं. पुढे 1587 साली ही दोघंही एका दिवसाच्या अंतराने गेली, आणि विषप्रयोगाची कुजबुज अजून थांबलेली नाही. पुलावर त्या काळी खाटकांची दुकानं होती. वरून जाणाऱ्या राजघराण्याला तो वास सोसवेना म्हणून 1593 साली त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. आज जोडपी अंगठ्या बघत उभी राहतात ती या हुकुमामुळे.

पण सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती 1865 ते 1871 या सहा वर्षांत. नव्या इटलीची राजधानी तूरिनहून फ्लॉरेन्सला आली. रोम अजून पोपच्या ताब्यात होतं. राजधानीला साजेसं शहर हवं म्हणून वास्तुरचनाकार जुझेप्पे पोज्जीला नेमलं. त्याने आर्नो नदीच्या उत्तरेकडचा जुना तट पाडून रुंद रस्ते काढले आणि दक्षिणेच्या टेकडीवर तो सूर्यास्ताचा चौक बांधला. तटाबाहेरची इंग्रजांची दफनभूमी या रस्त्यांच्या मधोमध सापडली आणि वाहनांच्या गराड्यातलं लंबगोल बेट होऊन बसली. घरच्यांना न सांगता लग्न करून इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगबरोबर या शहरात येऊन राहिलेली कवयित्री एलिझाबेथ तिथेच पुरलेली आहे. एवढा खर्च करून झाल्यावर राजधानी रोमला गेली आणि नगरपालिका कर्जात बुडाली. तरीही पुढे जुना बाजार आणि त्याच्या लगतची ज्यूंची वस्ती पाडून आजचा पियाझ्झा देल्ला रेपुब्लिका केलाच. ‘शतकांच्या बकालीतून जुन्या शहराला नवं जीवन दिलं’ अशा अर्थाचा लेख तिथल्या कमानीवर कोरलेला आहे. पाडणाऱ्यांनी स्वतःच दिलेलं प्रशस्तिपत्रक ते, तेव्हा जरा जपूनच वाचावं.

याच वर्षांतली एक नोंद मराठी माणसाने चुकवू नये अशी आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले आणि व्हिक्टोरिया राणीला भेटले. परतीच्या वाटेवर ते फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथल्याच एका हॉटेलात वारले. वय जेमतेम वीस. दहनाची पद्धत इटलीत तेव्हा रूढ नव्हती. मिलानचं दहनगृह व्हायला 1876 साल उजाडायचं होतं. खास परवानगी काढून, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी महाराजांचं दहन झालं. कुठल्याही घाटावर शोधली असती तशीच जागा सोबतच्या मंडळींनी परमुलखात शोधून काढली. 1874 साली तिथे छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही ज्याने आखला तोच हा. छत्रीखालचा रंगवलेला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. महाराजांनी प्रवासात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्याने 1872 साली छापून आणली.

ही छत्री ‘काशीने’ नावाच्या लांबलचक बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे टूरची बस तिकडे फिरकत नाही. शेजारच्या पुलाला मात्र ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’, हेच नाव पडलं आहे. तो 1978 साली खुला झाला.

विसाव्या शतकातल्या दोन तारखा पॉन्ते व्हेक्योवर उभं असताना आठवाव्यात. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी आर्नोवरचे बाकी सगळे पूल उडवले. हा तेवढा ठेवला, पण दोन्ही टोकांची घरं सुरुंगाने पाडली. 4 नोव्हेंबर 1966च्या पुरात पाणी पुलावरच्या सोनारांच्या दुकानांत शिरलं. पुलावर सोनार चेल्लिनीचा पुतळा आहे. त्याच्या कठड्याला प्रेमाची कुलपं लावून किल्ली नदीत टाकायची टूम अलीकडची, आणि तिला रेनेसाँशी काही देणंघेणं नाही. नगरपालिका ती कुलपं कापून टाकते आणि लावणाऱ्याला दंडही करते.