बोनेटबाहेरची हवा : ‘कोल्ड एअर इनटेक’ची पार्श्वभूमी

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या तालुक्याच्या गावांत जुन्या गाडीचं एअर फिल्टरचं खोकं काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायची हौस पोरांना असते. आवाज भारदस्त होतो, म्हणून पिकअप वाढला असं वाटतं. प्रत्यक्षात हा फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढत असतो. ‘कोल्ड एअर इनटेक’चा, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवण्याचा, मूळ खटाटोप तर नेमका तीच हवा टाळण्यासाठी होता.

गरम हवा विरळ असते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बोनेटखाली ७० अंश असले, तर सिलिंडरमध्ये सुमारे ७ टक्के हवा कमी भरते. तेवढा प्राणवायू कमी, तेवढं इंधन कमी जळणार आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटणार.

अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि ड्रॅग रेसिंगला नियमांची चौकट मिळाली. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपल्या शंकरपटासारखाच हा सरळ पट्टीवरचा, सेकंदाच्या अंशांवर ठरणारा मामला. तिथे ७ टक्के म्हणजे अख्खी शर्यत.

त्यामुळे १९६० च्या दशकात कंपन्याच या कामाला लागल्या. फोर्डने १९६४ च्या थंडरबोल्ट गाडीचे पुढच्या चारपैकी आतले दोन दिवे काढले, तिथे जाळ्या लावल्या आणि मोठ्या नळ्यांनी बाहेरची हवा थेट कार्बोरेटरवर आणली. ओल्ड्समोबाइलने १९६६ मध्ये डब्ल्यू-३० या पॅकेजसाठी हवेची तोंडं पुढच्या बंपरपाशी नेली. नळ्यांना जागा हवी म्हणून बॅटरी डिकीत गेली. मला सर्वांत हुशारीची वाटते ती शेवरलेची युक्ती. धावत्या गाडीच्या काचेच्या पायथ्याशी हवा साचून दाब वाढतो, हे ओळखून त्यांनी १९६९ च्या कॅमारो गाडीच्या बोनेटवरचं तोंड उलटं, काचेकडे केलं.

जाहिरातींत मात्र वेगाने हवा आत कोंबण्याचाच गवगवा झाला. हिशोब करून पाहा : ताशी १६० किलोमीटरला समोरून मिळणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का भरतो. खरी कमाई थंडाव्याची होती. म्हणूनच दोन फेऱ्यांच्या मधे इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागावर, बर्फाच्या पिशव्या ठेवायची पद्धत पडली. ड्रॅग रेसिंगच्या प्रो स्टॉक वर्गात बोनेटवरची हवा घेणारी उंच तोंडं २०१६ पर्यंत टिकली. त्या वर्षी कार्बोरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सक्तीचं झालं आणि तोंडंही गेली.

ड्रॅगच्या कित्येक गाड्या फिल्टरच लावत नाहीत. काही सेकंदांची धाव, तीही स्वच्छ पट्टीवर. त्यांना ते परवडतं. आपल्याकडे पांदणीचा फुफाटा आणि मुरमाची धूळ. फिल्टर नीट नसेल तर हीच धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी हे कधीच ओळखलं होतं : हवेचा पाइप बोनेटच्या वर, धुळीपासून उंच, आणि खाली तेलाची वाटी. सोयाबीनची मळणी आटोपल्यावर मिस्त्री ती वाटी खोलतो, तेव्हा तेलाच्या तळाशी बोटभर काळा गाळ बसलेला असतो. तो सगळा इंजिनात गेला असता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या के अँड एन कंपनीचे कापडी फिल्टरही तेल लावूनच धूळ धरतात, पण ते वेळच्या वेळी धुऊन पुन्हा तेल लावलं तरच.

आजच्या बहुतेक गाड्यांत मूळ खोक्याची नळी ग्रिलच्या किंवा दिव्याच्या मागून बाहेरची हवा घेते, म्हणजे ते खोकं हेच कोल्ड एअर इनटेक आहे. बदल करायचाच तर खोकं ठेवून नळीला उष्णतारोधक गुंडाळावं, फाटलेलं रबर बदलावं. नळीचं तोंड बंपरखाली मात्र नेऊ नये. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना ते पाणीच ओढेल. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन पूर्ण खोलावं लागतं.