माकडाची मूठ आणि डुकरांचं कुंपण

लोभाचे तोटे सांगायला कुणी उभं राहिलं की दोन गोष्टी हमखास जोडीनं येतात. एक माकडाची. अरुंद तोंडाचं मडकं, आत दाणे, मूठ बाहेर निघत नाही आणि माकड ती उघडत नाही. ही सगळ्यांना पाठ आहे. दुसरी रानडुकरांची: रोज मका टाका, मग एका बाजूनं कुंपण घाला, मग दुसऱ्या, शेवटी दार. ऐकणारे दोन्हींना सारखीच मान डोलावतात. प्रत्यक्षात डुकरांची पद्धत रोजच्या वापरातली आहे. माकडाची मला तरी निव्वळ बोधकथा वाटते.

जनावराला नेमकं काय धरून ठेवतंय, एवढंच विचारून बघा. माकडाच्या गोष्टीत उत्तर येतं, त्याचा स्वभाव. शंका इथेच यायला हवी. लाल तोंडाच्या माकडांना गालपिशव्या असतात. धोका दिसला की हाताला लागेल ते गालात कोंबायचं आणि पळायचं, ही त्यांची रीत. भोकात बोटं घालून एकेक दाणा काढणंही त्यांना जमतं. मूठ अडकली तर माकड क्षणभर गोंधळेलही, पण माणूस चालत येऊन मानगूट धरेपर्यंत बसून राहील? भारतातून परदेशी प्रयोगशाळांकडे 1978 च्या बंदीपर्यंत हजारो माकडं गेली. ती पकडायला जाळी आणि पिंजरे लागले.

रॅकून या अमेरिकेतल्या लहान प्राण्याचं उदाहरण देऊन काहीजण ही गोष्ट वाचवू पाहतात. अमेरिकेत रॅकूनसाठी नळीचा सापळा मिळतो, जनावर आत पंजा घालतं आणि अडकतं, हे खरं. पण खाणं ओढताना आतला खटका ओढला जातो, स्प्रिंग सुटते आणि पंजा लोखंडात अडकतो. मूठ उघडून तो सुटणार नाही.

डुकरांच्या गोष्टीत धरून ठेवतं ते कुंपण, आणि म्हणूनच ती टिकते. टेक्सासकडे मोकाट डुकरांसाठी जाळीचं आवार उभारतात, दार उघडं बांधून ठेवतात आणि कळप बिनधास्त आत-बाहेर करू लागेपर्यंत मका टाकत राहतात. कुंपण एकेक बाजूनं वाढवलं की एकदम उभं केलं, याला फारसं महत्त्व नाही. आवार गोल केलेलं बरं. कोपरे असले की डुकरं तिथे एकमेकांवर चढून बाहेर पडतात.

मला चीड येते ती या गोष्टीच्या शेपटाची: ‘आयतं खाऊन डुकरं स्वतः चरायचंच विसरली.’ काहीही! ती बाकीच्या वेळी रान उकरतच असतात. ती फक्त त्या जागेला सरावलेली असतात. उलट अर्धाच कळप पकडला गेला, तर उरलेली पुन्हा आवाराकडे फिरकायला कचरतात. म्हणून जाणकार आधी कॅमेऱ्यात कळप मोजतात, आणि एखादी मादी बाहेर घुटमळत असली तर त्या रात्री दार बंद करत नाहीत.