इंग्रजी शब्दसंग्रह (द्वितीय भाषेतील)

इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याला जे शब्द वाचताना-ऐकताना कळतात तो त्याचा ग्रहणात्मक शब्दसंग्रह आणि जे बोलता-लिहिताना वापरता येतात तो अभिव्यक्तीचा. पहिला सहसा मोठा असतो. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, हे वाचणाऱ्याला कळते. पण 'रिलक्टंट टू गो' ही जोडणी ठाऊक नसेल तर शब्द तोंडी येत नाही. शब्द येणे म्हणजे त्याचा उच्चार, स्पेलिंग, रूपे, सोबतचे शब्द आणि प्रसंग हे सारे येणे. मराठी अर्थ पाठ असणे ही त्याची फक्त सुरुवात.

वापराच्या वारंवारितेवरूनही शब्दांचे गट पडतात. ढाक्यात काम केलेले इंग्रजीचे शिक्षणतज्ज्ञ मायकल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2000 सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या 2000 सालच्या यादीत विद्यापीठीय लेखनातील 570 शब्दकुले आहेत (डिराइव्ह, डेरिव्हेशन, डेरिव्हेटिव्ह हे एक कुल). यांशिवाय एकेका विषयाच्या पारिभाषिक संज्ञा आणि क्वचित भेटणारे असंख्य शब्द. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाविना वाचायचे, म्हणजे 50 शब्दांत एखादाच अनोळखी असायचा, तर भाषाअभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 मधील मांडणीनुसार 8000 ते 9000 शब्दकुले लागतात. पहिल्या दोन हजारांचा पाया कच्चा असताना अवघड शब्दांच्या याद्या घोकणे हा श्रमांचा अपव्यय आहे.

पाठांतरासाठी कार्डे उत्तम. पुढे शब्द व एक छोटे वाक्य, मागे मराठी अर्थ. एका बैठकीत दहाएक पुरेत. कार्ड उलटण्याआधी उत्तर आठवण्याचा खराखुरा प्रयत्न करावा. नुसते वाचत गेल्याने शब्द ओळखीचा वाटतो, आठवत नाही. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनर यांच्या खोक्याच्या पद्धतीत बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते (तिथली उजळणी अधिक अंतराने होते), चुकलेले पहिल्यात परतते. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी फेरी टाळली जाते, कारण ती जड जाते. बोलण्यात शब्द उतरतो तो मात्र तिच्यामुळेच.

जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी शिकले की गोंधळ उडतो. 'लेंड' आणि 'बॉरो' हे ठळक उदाहरण: मराठीत उसने देणे आणि उसने घेणे, दोन्हींत 'उसने' तेच, त्यामुळे 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' असे वाक्य येते. आधी 'लेंड मी युअर पेन' हे पक्के बसू द्यावे, 'बॉरो' दोन आठवड्यांनी घ्यावा. सोबतच्या शब्दांतही मराठी डोकावते. चूक 'करतात' म्हणून 'डू अ मिस्टेक' (हवे 'मेक'), विषयाबद्दल चर्चा म्हणून 'डिस्कस अबाउट' (हवे नुसते 'डिस्कस'). म्हणून कार्डावर सुटा शब्द न लिहिता 'मेक अ मिस्टेक' असा पूर्ण तुकडा लिहावा.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतात, पुढे अर्थ बदलतो. आपण 'हॉटेलात' मिसळ खातो, इंग्रजीत ते रेस्टॉरंट; 'हॉटेल' मुक्कामाचे. आपले 'पार्सल' ब्रिटनमध्ये 'टेकअवे', परीक्षेतली 'कॉपी' म्हणजे 'चीटिंग', आणि 'लाईट गेली' हे 'पॉवर कट'. हे शब्द येतातच असे समजून वगळले जातात; त्यांचीही कार्डे करावीत.