जुन्या लष्करी रायफलींचे बाजारमूल्य

लष्कराच्या सेवेतून बाद होऊन संग्राहकांच्या हाती आलेल्या रायफलीची वाजवी किंमत ठरवण्याची रीत. वाजवी किंमत म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या अमेरिकेच्या करनियमांत सापडते: विकण्याची सक्ती नसलेला विक्रेता आणि घेण्याची सक्ती नसलेला ग्राहक, दोघांनाही वस्तूची पुरेशी माहिती असताना, ज्या रकमेला व्यवहार करतील ती रक्कम. यातला अवघड भाग ‘पुरेशी माहिती’ हा आहे. एकाच वर्षी, एकाच कारखान्यात घडलेल्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तर नवख्याला त्या सारख्याच दिसतात. जाणकार मात्र एकीला दुसरीच्या कित्येक पट पैसे मोजतो. लष्कराने सोडली तेव्हा रायफल जशी होती तशी ती आज किती उरली आहे, यावर हा फरक मुख्यतः ठरतो.

वयाला या बाजारात फारसे मोल नाही, आणि महायुद्धात वापरलेली म्हणजे दुर्मिळ हा समजही चुकीचा आहे. जर्मनीच्या काराबिनर ९८के या १९३५ साली स्वीकारलेल्या रायफलीचे उत्पादन एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेले. सोव्हिएत मोसिन-नागांत ९१/३० त्याहूनही जास्त निघाल्या. अमेरिकेची एम१ गॅरंड सुमारे ५४ लाख बनली. दुर्मिळता असते ती उपप्रकारात. गॅरंडच्या सुरुवातीच्या रायफलींत नळीच्या टोकाशी वायू पकडण्याची एक वेगळी योजना होती. ती १९४०च्या सुमारास बदलली गेली आणि आधीच्या बहुतेक रायफली परत आल्यावर नव्या पद्धतीने दुरुस्त झाल्या. न बदललेली रायफल आज गॅरंडच्या संग्राहकांसाठी सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक आहे.

मूळपणा आणि जुळणारे क्रमांक

विक्रेते ‘ओरिजिनल’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. मूल्य ठरवणाऱ्याने मात्र निदान चार अवस्था वेगळ्या ओळखायला हव्यात: कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली, लष्करी शस्त्रागारात अधिकृत दुरुस्ती झालेली, नंतर कोणीतरी त्या काळचे सुटे भाग जमवून ‘बरोबर’ केलेली, आणि खासगी हातांत मनमानी बदललेली. किंमत बहुधा याच क्रमाने उतरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेचा क्रम मात्र वादाचा आहे. शस्त्रागारातली दुरुस्ती हा रायफलीच्या सेवेचाच भाग असतो, तर घरी बसून जुळवलेले भाग कितीही अचूक असले तरी ती जोडणी आजची असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत अधिकृत दुरुस्तीला वरचे स्थान दिले आहे.

हे तपासायचे कसे, ते देशागणिक बदलते. ९८केच्या जवळपास प्रत्येक भागावर क्रमांक असतो, अगदी काही स्क्रूंवरही. त्यामुळे एक बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) जरी परका निघाला तरी किंमत लक्षणीय घसरते. गॅरंडमध्ये भागांवर रायफलीचा क्रमांक घालण्याची पद्धतच नव्हती. तिथे भागांवरचे आरेखन-क्रमांक पाहून तो भाग त्या महिन्यांतल्या उत्पादनाशी जुळतो का, एवढेच म्हणता येते. त्यामुळेच गॅरंड ‘बरोबर’ करणे सोपे आणि ती मूळची आहे हे सिद्ध करणे कठीण.

युद्धात सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या ९८के हा एक स्वतंत्र वर्ग आहे. युद्धानंतर त्या सुट्या करून, साफ करून, हाती लागेल त्या भागांनी पुन्हा जोडल्या गेल्या. रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य पोलादी भागावर) एक्सचा ठसा, विजेच्या लेखणीने खरडून जबरदस्तीने जुळवलेले क्रमांक आणि दस्त्यावर लालसर चपड्याचा थर, ही त्यांची ओळख. अशी रायफल अस्सल लष्करीच असते, पण सर्व क्रमांक जन्मापासून जुळणाऱ्या आणि सैनिकाने थेट घरी आणलेल्या ९८केच्या किमतीच्या ती जवळपासही जात नाही.

एक रायफल जवळून

ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३ हाती आली की जाणकार आधी दस्त्याच्या मानेशी असलेल्या पोलादी भागाची उजवी बाजू वाचतो. तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि नमुना कोरलेला असतो. हा कारखाना एनफील्ड, बर्मिंगहॅमची बीएसए, ऑस्ट्रेलियातला लिथगो किंवा बंगालमधला इशापूर असू शकतो. मग क्रमांक: रिसीव्हर, नळी, बोल्टच्या मुठीची मागची बाजू, मागच्या नेमपट्टीची खालची बाजू, पुढची टोपी आणि पुढच्या लाकडाचा तळ. सहाही ठिकाणी एकच आकडा असलेली रायफल क्वचित मिळते.

त्यानंतर तो दोन गोष्टी शोधतो. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बंद ठेवून एकेक गोळी भरण्यासाठीची सरकती पट्टी उजवीकडे, आणि लांबच्या सामूहिक माऱ्यासाठीची नेमयंत्रणा डावीकडे. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवायला हे दोन्ही भाग गाळले गेले आणि सुटसुटीत केलेल्या नमुन्याच्या नावापुढे तारा लागला. जुन्या रायफली दुरुस्तीला आल्या की त्यांचेही हे भाग सहसा काढले जात. म्हणून दोन्ही भाग शाबूत असलेली, युद्धाच्या आधीची मार्क ३ दिसली की घासाघीस करायला जागा उरत नाही.

ठसेही बोलतात. एक बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने रीतसर विकलेली. ‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीसाठी; अशी रायफल झाडण्यास असुरक्षित मानतात आणि तिची किंमतही तशीच असते. ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झालेली. पुढचे लाकूड फुटू नये म्हणून इशापूरला त्यात एक आडवा स्क्रू बसवत. तो पाहून काही खरेदीदार भाव पाडतात, पण इशापूरच्या रायफलीत तो असणे हेच तिच्या इतिहासाला धरून आहे.

नळी, लाकूड आणि पृष्ठभाग

बाहेरून चकाकणाऱ्या रायफलीची नळी आतून गंजलेली असू शकते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत क्षारयुक्त, गंज आणणारे रसायन असे. गोळ्या झाडल्यावर पाण्याने धुण्याचा कंटाळा केला की नळीत खड्डे पडत. नळीची झीज दोन टोकांना मोजतात, काडतूस भरतात त्या बाजूला आणि तोंडाशी. गॅरंडसाठी ही दोन्ही मापे घेण्याची खास साधने मिळतात आणि विक्रेते त्यांचे आकडे जाहिरातीत देतात. स्वीडनच्या मॉझर एम/९६वर नळीची अवस्था सांगणारी पितळी चकतीच दस्त्यात बसवलेली असते. अर्थात ती चकती तपासणीच्या दिवसाची अवस्था सांगते, आजची नव्हे.

पृष्ठभागाबाबत सर्वांत मोठे नुकसान मालकच करतो, तेही चांगल्या हेतूने. धातूला पुन्हा काळानिळा मुलामा देणे, दस्ता घासून पॉलिश करणे, कडा गोल करणे, यात लाकडावरचे तपासणीचे ठसे पुसले जातात आणि ते परत आणता येत नाहीत. युद्धोत्तर काळात लाखो रायफलींचे दस्ते कापून, नळ्या छाटून, रिसीव्हरला भोके पाडून त्यांच्या शिकारी बंदुका केल्या गेल्या. तेव्हा ते शहाणपणाचेच होते, कारण मूळ रायफल मातीमोल भावाने मिळत होती. कापलेला दस्ता बदलता येतो, रिसीव्हरमधले भोक मात्र बुजवले तरी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

जपानी अरिसाकांचे प्रकरण निराळे आहे. त्यांच्या रिसीव्हरवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह असे; शरणागतीनंतर ते असंख्य रायफलींवरून घासून काढले गेले. चिन्ह शाबूत असलेली रायफल साहजिकच महाग. अमेरिकेच्या एम१९०३ स्प्रिंगफील्डमध्ये क्रमांकाचाच प्रश्न आहे: स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या ८,००,०००च्या खालच्या क्रमांकांच्या रिसीव्हरना दिलेली उष्णताप्रक्रिया सदोष होती आणि ते फुटण्याचा धोका मानला जातो. नेमबाज त्यांना हात लावत नाही, संग्राहक लावतो. किंमत कोणासाठी काढायची, हे आधी ठरवावे लागते ते यासाठी.

बनावट आणि कहाण्या

जिथे उपप्रकाराला साध्या नमुन्याच्या अनेक पट किंमत असते, तिथे बनावट येतेच. ली-एनफील्डच्या नंबर ५ ‘जंगल कार्बाइन’ची नक्कल साध्या नंबर ४ची लांबी कापून आणि तोंडाशी शंकूच्या आकाराचा ज्वालारोधक लावून बनवतात. खऱ्या नंबर ५मध्ये वजन कमी करण्यासाठी रिसीव्हरमधून आणि नळीच्या जाड भागातून धातू कोरून काढलेला असतो. बनावट करणारे तिथवर सहसा जात नाहीत.

लष्करी नेमबाजांच्या (स्नायपर) नंबर ४ (टी)मध्ये तपास अधिक खोल जातो. यातल्या बहुतेक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी निवडक नंबर ४ रायफलींवर दुर्बीण बसवून तयार केल्या. त्यामुळे रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर ‘टी’, दस्त्याखाली ‘एस५१’ हा कारखान्याचा संकेत आणि दस्त्याच्या मानेवर मूळ दुर्बिणीचा क्रमांक सापडतो. दुर्बीण तीच असेल तर किंमत एक, दुसरी असेल तर वेगळी, आणि ठसे ताजे वाटत असतील तर व्यवहारच नको. जुन्या ठशाच्या कडा झिजलेल्या असतात आणि मुलामा ठशावरून गेलेला असतो. मुलामा फोडून उमटलेला ठसा नंतरचा.

‘माझ्या आजोबांनी नॉर्मंडीहून आणली’ या वाक्याला कागदाशिवाय काही मोल देऊ नये. अमेरिकन सैनिकाला हस्तगत केलेली रायफल घरी नेण्यासाठी वरिष्ठाच्या सहीचे प्रमाणपत्र मिळत असे. त्यावर क्रमांक असेल आणि तो जुळत असेल तर किंमत खरोखर वाढते. स्वित्झर्लंडच्या के३१मध्ये असा पुरावा कधीकधी रायफलीतच दडलेला असतो. दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडली की आत सैनिकाचे नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी निघते.

बाजारभाव वाचणे

जाहिरातीतली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. भाव ठरतो पूर्ण झालेल्या व्यवहारांवरून, तेही शक्यतो अलीकडच्या आणि त्याच कारखान्याच्या, त्याच वर्षाच्या, त्याच अवस्थेतल्या रायफलींच्या. छापील किंमतसूची बाजारामागे राहते. उपप्रकार ओळखायला ती उत्तम. लिलावाचा आकडाही नीट वाचावा लागतो. समजा हातोडा १,००० डॉलरवर पडला, खरेदीदाराकडून २० टक्के आणि विक्रेत्याकडून १० टक्के शुल्क घेतले, तर एकाने १,२०० मोजले आणि दुसऱ्याला ९०० मिळाले. दुकानदार त्याहून कमी देईल, कारण त्याला ती ठेवायची आणि पुन्हा विकायची असते. विम्यासाठीची किंमत याउलट चढी धरतात. वारसांनी विम्याच्या कागदावरचा आकडा घेऊन दुकानात जाऊ नये, हे त्यामुळेच.

पुरवठा हलला की सारे गणित हलते. २०००च्या दशकात अमेरिकेत मोसिन-नागांत शंभर डॉलरच्या आत, घट्ट वंगणात बुडवलेली मिळत होती. मोठे साठे संपले आणि आयात थंडावली, तसे भाव कित्येक पटींनी चढले. २००३ साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला साठा विकला गेला तेव्हा गहेंद्र रायफल, जी बाहेर फारशी कोणी पाहिलीही नव्हती, अचानक खरेदीला उपलब्ध झाली. गॅरंडच्या बाबतीत अमेरिकेतला सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम सरकारी साठ्यातल्या रायफली दर्जानुसार ठरलेल्या दराने विकतो. ही विक्री चालू आहे तोपर्यंत साध्या गॅरंडसाठी त्या दराहून फार जास्त कोणी देत नाही.

कायदाही किमतीत मोजला जातो. अमेरिकेत १९६८च्या कायद्याने लष्कराने बाद केलेल्या (सरप्लस) रायफलींची आयात जवळपास थांबली आणि १९८४च्या दुरुस्तीने संग्राह्य शस्त्रांसाठी ती पुन्हा खुली झाली. नंतर आलेल्या रायफलींवर आयातदाराचे नाव कोरलेले असते, आणि ते नसलेली रायफल संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात. तिथेच १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र प्राचीन धरले जाते, म्हणून रिसीव्हरवरचे एखादे वर्ष इकडचे तिकडे झाले तरी खरेदीदारांची संख्या बदलते. ब्रिटनमध्ये निष्क्रिय केलेल्या, म्हणजे गोळी झाडता येणार नाही अशा केलेल्या, रायफलींचा वेगळा बाजार आहे. १९९५पूर्वीच्या मानकानुसार निष्क्रिय केलेल्या रायफलींचा बोल्ट हलत असे, म्हणून त्यांना जास्त भाव होता. पुढे नियम कडक झाले आणि जुन्या मानकाची रायफल नव्या मानकानुसार पुन्हा निष्क्रिय केल्याशिवाय विकणे सर्वसाधारणपणे गुन्हा ठरले. तसे केले की बोल्ट हलत नाही, आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले होते तेच जाते.