सोप्यात मावणारा दमसास

मिरगाचा पाऊस सुरू झाला की बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी ओसरते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे झड लागली की दिवसचे दिवस बाहेर पडणं होत नाही. चालण्याची सवय मोडते ती गणपतीपर्यंत, आणि याच दिवसांत घराघरांत विषय निघतो: ट्रेडमिल घ्यावी की सायकल? किंमत आणि हप्ते विचारण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे आपल्या हृदयाकडून किती काम करून घ्यायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम हवा. मध्यम म्हणजे किती, हे यंत्राशिवाय ओळखता येतं. शेजारी बसलेल्याशी बोलता येतंय, पण अभंग म्हणायला गेलं तर दम पुरत नाही, ती मध्यम पातळी. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर व्यायाम जोरकस. नाडीनेच मोजायचं असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. पन्नाशीच्या माणसाची कमाल नाडी अंदाजे १७३ येते आणि मध्यम व्यायामात ती साधारण ११० ते १३० असावी. हे सरासरीचं सूत्र आहे, एखाद्याचा आकडा १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो.

या पातळीला पोचायला लागणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे २० सेंटीमीटर उंचीची भक्कम लाकडी पायरी. कुठलाही सुतार ती करून देईल. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली, अशी एक फेरी. मिनिटाला २० फेऱ्या घेतल्या तर आपण आपलं सगळं वजन मिनिटाला चार मीटर उचलतो. अर्ध्या तासात १२० मीटरची चढण झाली. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना मांड्या जे काम करतात तेच काम इथे घराच्या सोप्यात, ओसरीवर होतं. शरीर शांत बसलेलं असताना जेवढा प्राणवायू वापरतं त्याच्या जवळजवळ पाचपट प्राणवायू या लयीत लागतो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर चालताना हा आकडा साडेतीनपटीच्या आतच राहतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वजन उचलणं महाग पडतं, म्हणून छोटी पायरीही मोठं काम करून घेते.

चढण्याचं हे महत्त्व १९५३ साली लंडनच्या बसमध्ये दिसून आलं. संशोधक जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. दोन्ही गटांच्या प्रकृतीत आधीपासूनच काही फरक होता, हे मॉरिस यांनीच पुढे दाखवलं. तरीही शारीरिक हालचाल आणि हृदय यांचं नातं शास्त्रीय पद्धतीने तपासण्याची सुरुवात तिथून झाली. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. पाय दुखेपर्यंत उभं राहिलं तरी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे थकवा येतो, पण हृदयाचा व्यायाम होत नाही.

दोरीवरच्या उड्या पायरीहून कितीतरी कडक. मिनिटाला शंभर उड्यांच्या वेगाने प्राणवायूची गरज दहापटीच्याही वर जाते. पाच मिनिटांत पुरेवाट होते. गुडघे चांगले असलेल्या तरुणांना हे जमतं. वजन जास्त असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर नकोच. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल येते, तेव्हा खाली रबरी चटई हवीच.

बाजारात मिळणारा छोटा हायड्रॉलिक स्टेपर, म्हणजे आळीपाळीने पाय दाबायचं यंत्र, जागा कमी घेतो, पण त्याचा स्वभाव समजून घ्यावा. पाय दाबला की नळकांड्यातलं तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं आणि त्यातून अडथळा तयार होतो. घर्षणाने तेल तापतं, पातळ होतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत पायाखालचा विरोध कमी होतो. आपली ताकद वाढली असं वाटतं, प्रत्यक्षात यंत्र सैल पडलेलं असतं.

गुडघेदुखी असलेल्यांसाठी माझी पसंती चुंबकी सायकलला. तिच्या फिरत्या धातूच्या चाकाजवळ चुंबक असतात. चाक चुंबकीय क्षेत्रातून जाताना धातूत विद्युतप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ते चाकाच्या गतीलाच विरोध करतात. कशाचाही कशाला स्पर्श नाही, म्हणून आवाज नाही, झीज नाही. पट्टा आवळून अडथळा देणाऱ्या स्वस्त सायकलीत तो पट्टा घासतो, बदलावा लागतो. सीटची उंची मात्र नीट लावा: पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, आणि दोष सायकलला दिला जातो.

ट्रेडमिल मी शेवटी ठेवतो. तिला वीज लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाते. पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉन तेल घालावं लागतं. पलंगाखाली सरकणाऱ्या चपट्या ट्रेडमिलला बहुतेक वेळा चढ देता येत नाही. ताशी पाच किलोमीटर वेगाला केवळ ५ टक्के चढ मिळाला तर प्राणवायूची गरज साडेपाचपटीवर जाते, म्हणून घ्यायचीच असेल तर चढ देता येणारी घ्या. मोटारीची ‘कमाल’ ताकद पाहू नका, सलग चालतानाची ताकद विचारा.

या सगळ्या यंत्रांच्या पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरीवर फार विसंबू नये. साठ किलोच्या माणसाचे पायरीवर अर्ध्या तासात साधारण १५० किलोकॅलरी खर्च होतात. ज्वारीच्या एका जाडसर भाकरीतून याहून जास्त मिळतात. वजन उतरत नाही म्हणून महिन्याभरात साधन अडगळीत टाकणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं. खरा लाभ दुसरीकडे होतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, विश्रांतीतली नाडी संथ होते, आणि काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीविनाही रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी जेवणानंतर थोड्या वेळाने दहा मिनिटं सायकल मारली तरी साखरेची उसळी कमी होते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त खाली जाऊ शकते, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

छातीत दाब, चक्कर किंवा घाम फुटून मळमळ जाणवली तर लगेच थांबून दवाखाना गाठावा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातलं, नाडी संथ ठेवणारं औषध घेणाऱ्यांची नाडी कितीही पायऱ्या चढल्या तरी पुरेशी वाढत नाही. त्यांनी नाडीचं वरचं सूत्र बाजूला ठेवावं आणि अभंगाचीच कसोटी लावावी.