गाडीचं रनिंग-इन आणि विमानाचं ब्रेक-इन

"नवीन इंजिन आहे, जरा सावकाश घे." कोल्हापुरात हे वाक्य शोरूमच्या दारात, उद्यमनगरातल्या बोरिंगवाल्याकडे आणि गाडीला हार घालणाऱ्या आईच्या तोंडी सारखंच ऐकू येतं. गाडीपुरतं ठीक आहे. पण माझ्या भाच्याने अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधून पूर्ण केलं, तेव्हा दाजींनीही फोनवर हेच सांगितलं, "बाळा, आधी आठ-दहा तास जमिनीवरच चालव. इंजिन मोकळं होऊ दे, मग उडव." दाजींची तीस वर्षं होनिंग मशीनवर, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणण्यात गेलीत, पोरगं ऐकणारच होतं. मी मध्ये पडलो. विमानाच्या इंजिनांवर काम करताना हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता एकदा नीट लिहूनच काढतो.

गाडीचं रनिंग-इन तुम्हाला पाठ आहे. पहिले हजार किलोमीटर पिळायची नाही, डबलसीट घाटात न्यायची नाही, मग पहिली सर्व्हिसिंग. पुढे जाऊ.

विमानाचं, म्हणजे लायकमिंग कंपनीसारखं एअर-कूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन घ्या. (रोटॅक्स कंपनीच्या इंजिनाचं वेगळं, त्याच्या पुस्तकात बघा.) नव्या सिलिंडरच्या आत होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. नख फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं. पिस्टनच्या रिंगा या खरखरीवर घासून बसायच्या असतात. आता रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा दाब येतो जळत्या गॅसचा, तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. पॉवर कमी ठेवली की हा दाब कमी पडतो आणि रिंग तेलाच्या थरावर नुसती तरंगत राहते. ते तेल उष्णतेने करपून रेघांमध्ये बसतं आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, लायनर चकाकला. एकदा चकाकला की रिंगा बसत नाहीत. इंजिन तेल पीत राहतं, आणि सिलिंडर उतरवून पुन्हा होन केल्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून लायकमिंग सांगते की ब्रेक-इन, म्हणजे विमानाचं रनिंग-इन, उडतानाच करा, तेही 65 ते 75 टक्के पॉवरवर आणि मिश्रण पूर्ण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ठेवून. पहिला तास तर 75 टक्क्यांवरच. खाली येतानाही थ्रॉटल एकदम बंद करून लांबवर घसरत यायचं नाही, रिंगा फडफडतात. हे दाजींना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

जमिनीवर चालवण्यात दुहेरी नुकसान आहे. पॉवर कमी, त्यामुळे रिंगा बसत नाहीत. शिवाय पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरत असला तरी काऊलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणातून, पुरेशी हवा जात नाही, त्यामुळे सिलिंडर हेड (सिलिंडरची डोकी) तापतात. बऱ्याच लायकमिंगांना 500 अंश फॅरनहाइट ही कमाल मर्यादा आहे, आणि नवं इंजिन घर्षणामुळे मुळातच गरम चालतं. गळती, तेलाचा दाब आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) तपासण्यापुरतं चालवा आणि बंद करा. टॅक्सीच्या, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याच्या सरावाच्या नावाखाली रोज तासभर धावपट्टीवर फिरणारे लोक पाहिले की मला राहवत नाही.

पहिल्या उड्डाणाचा बेतही यावरूनच ठरतो. उडायचं, धावपट्टीच्या डोक्यावर उंची घ्यायची आणि इंजिन बंद पडलं तरी घसरत परत येता येईल एवढ्याच टापूत जोरात घिरट्या घालायच्या. स्टॉलच्या (वेग कमी होऊन पंखांची उचल सुटण्याच्या) चाचण्या, संथ उडणं, टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) हे सगळं रिंगा बसल्यावर.

उंचीसुद्धा मोजून घ्या. हवा विरळ झाली की 75 टक्के पॉवर मिळेनाशी होते, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनासाठी 5000 फुटांच्या आतली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची, सांगितली आहे. आपलं उजळाईवाडीचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर. मे महिन्यात दुपारी पारा 36 वर गेला की तिथली धावपट्टीच इंजिनाच्या लेखी 5000 फुटांवर जाते! डिसेंबरच्या सकाळी 15 अंशाला तीच अडीच हजारांवर असते. दख्खनच्या पठारावर हे काम करायचं तर थंडीतली सकाळच निवडा.

तेलाचं थोडक्यात: साधं मिनरल ऑइल, 50 तास किंवा तेलाचा खप स्थिरावेपर्यंत. टर्बो इंजिनांना मात्र पहिल्यापासून अॅशलेस डिस्पर्संट, म्हणजे मळ तरंगत ठेवणारं तेल. महागडं सिंथेटिक घालून इंजिनाचे लाड करू नका.

आणि चाचणीचे तास वेगळे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला तासांच्या हिशेबाने 25 किंवा 40 तास चाचणी-उड्डाण करावं लागतं, ते इंजिन आणि पंखा प्रमाणित जोडी आहे की नाही यावर. ते संपले म्हणून रिंगा बसल्या असं होत नाही. रिंगा बसल्याचं इंजिन स्वतः सांगतं.

भाच्याच्या इंजिनाने ते चौथ्या उड्डाणात सांगितलं. पॉवर तीच, हवा तीच, पण हेडचं तापमान एकेका सिलिंडरचं करत उतरलं. पुढच्या दोन उड्डाणांत डिपस्टिकवरची तेलाची रेघ जागची हलली नाही. मग त्याने तेलाचा फिल्टर कापला, आतला कागद पसरून त्यावर चुंबक फिरवलं आणि फोटो दाजींना पाठवला. दाजींनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "धातूची भुकटीच आहे ना? चकती नाही ना एकही?" नव्हती.