कॅनडासाठी मिलराइटचा अर्ज: गाडी अनुभवपत्रावरच का अडते?

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजच्या कारखान्यांत एक माणूस असतो. तो मशिन फाउंडेशनवर बसवतो, लेव्हल काढतो, कपलिंगचं अलाइनमेंट करतो, बेअरिंग बदलतो. लाइन बंद पडली की रात्री दोनलाही फोन त्यालाच जातो. आपण त्याला मेंटेनन्स फिटर म्हणतो, कॅनडात तो मिलराइट. फेडरल स्किल्ड ट्रेड्स प्रोग्राम या कुशल कारागिरांसाठीच्या कॅनडा सरकारच्या योजनेखाली त्याला तिथल्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. तरीही वीस वर्षं मशिनवर काढलेल्यांचे अर्ज परत येतात, आणि बहुतेकदा घोळ कागदाचा असतो.

पात्रतेचा सोपा भाग आधी. शिक्षणाची किमान अट नाही. आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं आणि बोलणं ५, वाचन ३.५, लेखन ४ पुरतं. निकाल दोन वर्षंच चालतो. हे किमान झालं. आधी ‘एक्स्प्रेस एंट्री’ या ऑनलाइन यंत्रणेत प्रोफाइल भरायचं असतं, आणि तिथल्या गुणांवरून अर्जाचं निमंत्रण येतं. प्रोफाइल पात्र ठरलं म्हणजे निमंत्रण येईलच असं नाही, त्यामुळे गुण वाढतील तितके वाढवा.

अवघड अट पुढे आहे. एक तर कॅनडातल्या मालकाची किमान एक वर्षाची पूर्णवेळ, वैध नोकरीची ऑफर हवी, नाहीतर तिथल्या एखाद्या प्रांताचं ट्रेड प्रमाणपत्र. ‘मार्च २०२५ पासून ऑफरची गरज उरली नाही’ असं सांगत काही एजंट फिरतात. तेव्हा काढले ते एक्स्प्रेस एंट्रीत ऑफरबद्दल मिळणारे जादा गुण. या प्रोग्रामची पात्रतेची अट जशीच्या तशी आहे. या एका गैरसमजावर लोकांनी फी भरली आहे, म्हणून ठासून सांगतो.

आता अनुभव. अर्जाआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षांचं पूर्णवेळ काम हवं, म्हणजे आठवड्याला ३० तासांच्या हिशोबाने ३,१२० तास. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. बारा-बारा तासांच्या शिफ्टा आणि ओव्हरटाइम धरून ‘माझे तास सव्वा वर्षातच भरले’ असं गणित मांडतात. आठवड्याला तीसच्या वरचे तास मोजतच नाहीत. दुसरं, स्वतंत्रपणे काम करायला पात्र ठरल्यानंतरचाच अनुभव धरतात, त्यामुळे अप्रेंटिसशिपचं वर्ष त्यात घालू नका.

मग येतो व्यवसायाचा कोड, म्हणजे कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या यादीतला क्रमांक. मिलराइटचा कोड ७२४००. नोव्हेंबर २०२२ आधी तो ७३११ होता आणि जुन्या फॉर्मवरून नक्कल करणारे अजून तोच टाकतात. त्याहून मोठी अडचण ‘फिटर’ या शब्दाची आहे. कॅनडाच्या यादीत मशिन फिटर हा वेगळा व्यवसाय आहे, कोड ७२४०५: कारखान्यात नव्या मशिनचे भाग जुळवून ती उभी करणारा. अनुभवपत्रावर नुसतं ‘फिटर’ असेल आणि कामाचा तपशील नसेल, तर तुम्ही यातले कोण हे अधिकाऱ्याने ओळखायचं कसं?

आपल्याकडचं पत्र साधारण असं असतं: ‘श्री. अमुक आमच्याकडे २०१९ पासून फिटर म्हणून कार्यरत होते. त्यांचे वर्तन चांगले आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ या पत्राचा अर्जाला काडीचा उपयोग नाही. लेटरहेडवर कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल हवा. मजकुरात पद, नोकरीच्या नेमक्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, आणि कामं. खाली वरिष्ठाचं नाव, हुद्दा, सही. कामं तुमच्या शॉपमधली लिहून घ्या: ‘सीएनसी मशिनची उभारणी व लेव्हलिंग, डायल इंडिकेटरने पंप-मोटर अलाइनमेंट, गिअरबॉक्स ओव्हरहॉल, हायड्रॉलिक पॉवर पॅकची दुरुस्ती, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स.’ कॅनडाच्या सरकारी यादीत त्या व्यवसायाची जी कामं दिली आहेत, ती वाक्यं जशीच्या तशी उतरवलीत तर उलट शंका येते.

एचआर म्हणतो, ‘आमचा ठरलेला फॉरमॅट आहे.’ माणसाने पंधरा वर्षं घाम गाळला, त्याला चार ओळी जास्त देताना यांचं काय जातं? तरीही नकार आलाच, तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफ पासबुक आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या इंजिनिअरचं सहीचं पत्र जोडा. पूर्ण पत्र का मिळालं नाही तेही वेगळ्या कागदावर लिहा. ठेकेदारामार्फत असाल तर पत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर हवं, कारण पगार तोच देतो. कंपनीचा गेटपास जोडपुरावा म्हणून चालेल.

प्रमाणपत्राची वाट धरणाऱ्यांनी ओंटारिओचं उदाहरण बघावं. तिथे मिलराइटचा प्रांताचा स्वतःचा ट्रेड कोड ४३३ए. प्रमाणपत्र देणारी संस्था ‘स्किल्ड ट्रेड्स ओंटारिओ’ आधी तुमचा अनुभव तपासते, मग परीक्षा, उत्तीर्णतेला ७० टक्के. प्रांतात जाऊन मूल्यमापन करून घ्यावं लागण्याची शक्यता धरा, खर्च आधीच मोजा. आपली माणसं अडतात ती रिगिंगवर. आपल्याकडे जड मशिन हलवायला क्रेनवाला आणि खलाशांची टोळी येते, फिटर बाजूला उभा राहतो. तिथे स्लिंगचा कोन, भार, शॅकलची क्षमता मिलराइटलाच काढावी लागते. हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सर्किटचं ड्रॉइंग वाचता यायला हवं आणि मिलिमीटरसोबत इंचातही हात बसलेला हवा. या तीन गोष्टींचा अभ्यास इथूनच सुरू करा.

निमंत्रण आलं की पूर्ण अर्जाला ६० दिवस मिळतात. ते निमंत्रणाच्या तारखेपासून धावतात. अनुभवपत्र, पोलीस क्लिअरन्स, तिथे स्थिरावण्यापुरते पैसे असल्याचं बँकेचं पत्र तेव्हा गोळा करायला निघालात तर ६० दिवस कमीच पडतील. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही दाखवावी लागते. नातेवाइकाकडून आठवड्यापूर्वी उसने घेतलेले लाख तिथे लगेच दिसतात, आणि उसना पैसा चालत नाही.

पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचं नाव कॅनडातल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत नोंदणी यादीत शोधा. ती ऑनलाइन फुकट बघता येते. आणि नोकरी सोडत असाल तर फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर सही करण्याआधी अनुभवपत्र हातात घ्या. गेट पास जमा केल्यावर एचआर फोन उचलत नाही.